करोनाचा विषाणू आणि शरीराची राखण

मानोरा हा वाशिम जिल्ह्याच्या पूर्वेकडील, यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेला भिडलेला तालुका. सोयाबीन, तूर आणि कपाशी पिकविणारी गावे, त्यांच्या जोडीला बंजारा समाजाचे तांडे आणि या समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी ही या तालुक्याची ओळख होय. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी पोहरादेवीची रामनवमीची यात्रा नेहमीप्रमाणे भरू शकली नाही. टाळेबंदीत दूरच्या शहरांतील कामे बंद पडली आणि मजुरीसाठी गेलेली माणसे आपापल्या गावी व तांड्यांवर परतली. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका विषाणूने सारे व्यवहार थांबविले.

त्या काळात गावोगाव एक प्रश्न विचारला जात होता. एकाच छपराखाली राहणाऱ्या चौघांना एकाच विषाणूची बाधा होते. नातवाला तिचा पत्ताही लागत नाही, सुनेला दोन दिवस ताप येतो आणि आजोबांना मात्र प्राणवायू लावावा लागतो. असे का व्हावे? काहींनी याचे उत्तर दैवात शोधले. वैद्यकशास्त्राने ते शरीराच्या प्रतिकार व्यवस्थेत शोधले आणि बऱ्याच अंशी ते सापडलेही आहे.

ही माहिती केवळ जिज्ञासा भागविणारी नाही. ताप उतरला म्हणजे निर्धास्त व्हावे काय, आजार एकदा होऊन गेल्यावर लस कशाला, 'शक्ती वाढविणारी' औषधे घ्यावीत काय, या प्रश्नांची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. आणि हे प्रश्न लोक सर्वप्रथम ज्यांना विचारतात ते म्हणजे गावातील शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या आणि पंचायतीचे सदस्य.

विषाणूचे स्वरूप

करोना विषाणू हे एक मोठे कुळ आहे. मानवाला बाधणाऱ्या या कुळातील विषाणूंचा शोध १९६० च्या दशकात लागला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या त्यांच्या छायाचित्रांत गोल कणाभोवती मुकुटाप्रमाणे काटे दिसले. म्हणून १९६८ मध्ये त्यांना 'करोना', म्हणजे लॅटिन भाषेत मुकुट, हे नाव मिळाले. या कुळातील चार विषाणू आपल्याला साधी सर्दी देतात आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसात वावरत आहेत. २००२-०३ मधील 'सार्स', २०१२ मध्ये आढळलेला 'मर्स' आणि २०१९ च्या अखेरीस चीनमध्ये प्रकटलेला 'सार्स-कोव्ह-२' हे मात्र त्याच कुळातील घातक विषाणू ठरले. महाराष्ट्रात या शेवटच्या विषाणूचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले.

विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. त्यासाठी त्याला सजीव पेशीत शिरावे लागते. आपल्या नाकातील, श्वासनलिकेतील व फुप्फुसांतील पेशींच्या पृष्ठभागावर 'एसीई-२' नावाचे एक प्रथिन असते. विषाणूचा काटा या प्रथिनात किल्ली कुलुपात बसावी तसा बसतो आणि विषाणू आत शिरतो. मग पेशीचीच यंत्रणा वापरून तो आपल्या असंख्य प्रती तयार करतो, व त्या शेजारच्या पेशींकडे वळतात. हे घडू न देणे हेच प्रतिकार व्यवस्थेचे काम होय.

कुंपण आणि जागल

आपल्याकडील शेतकरी पिकाची राखण कशी करतो ते आठवले, तर ही व्यवस्था समजणे सोपे जाईल. धुऱ्यावर काटेरी कुंपण असते. ते ओलांडून रानडुक्कर वा रोही आत आलाच, तर मचाणावर जागलीला बसलेला माणूस आरडाओरडा करतो. आणि जनावर कोणते, ते कोणत्या वाटेने येते, हे ठाऊक झालेली माणसे पुढच्या खेपेस नेमक्या जागी दबा धरून बसतात.

शरीराचे कुंपण म्हणजे त्वचा आणि नाक-घशातील चिकट श्लेष्मा. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म लोम हा श्लेष्मा सतत वरच्या दिशेने ढकलत असतात. आत आलेले पुष्कळसे कण त्यात अडकून बाहेर पडतात. धुराने व तंबाखूच्या धूम्रपानाने हे लोम निकामी होतात, म्हणजेच कुंपणाला खिंडार पडते.

कुंपण ओलांडून विषाणू पेशीत शिरला की जन्मजात प्रतिकारशक्ती जागी होते. बाधित पेशी 'इंटरफेरॉन' नावाची रसायने सोडते. हीच जागल्याची आरोळी. ती पोहोचताच शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी तयारी करतात. रक्तातून भक्षक पेशी धावून येतात आणि विषाणूंना व मृत पेशींना गिळतात. 'नैसर्गिक मारक पेशी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी बाधित पेशींचा नाश करतात. याच वेळी मेंदूला संदेश जाऊन शरीराचे तापमान वाढते. ताप, अंगदुखी व थकवा यांचा मोठा भाग विषाणूने घडविलेला नसून या संरक्षक धडपडीचा परिणाम असतो.

जन्मजात प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख लागत नाही. तिच्या दृष्टीने जे परके ते सारे सारखेच. म्हणून ती काही तासांत कामाला लागते, पण तिचा मारा ढोबळ असतो.

आरोळी उशिरा ऐकू आली तर

करोना विषाणूचे खरे कसब येथे दिसून येते. पेशीत शिरताच तो स्वतःची काही प्रथिने वापरून इंटरफेरॉनची निर्मिती व त्याचा संदेश या दोहोंत अडथळा आणतो. जागल्याचे तोंड दाबून जनावराने शेतात शिरावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे पहिले काही दिवस विषाणू बिनबोभाट वाढतो. रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही, तो हिंडत-फिरत राहतो आणि इतरांना बाधा देत राहतो. लक्षणे दिसण्याआधीच हा आजार पसरतो तो याच कारणाने.

येथेच पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. लहान मुलांच्या नाकातील पेशींमध्ये ही पहिली फळी अधिक सज्ज असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. आरोळी लवकर उठते आणि विषाणूचा बीमोड लवकर होतो. याउलट, गंभीर आजारी झालेल्या सुमारे दहा टक्के रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये आधीपासून होती, असे २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय संशोधनात दिसून आले. अशा व्यक्ती वरवर धडधाकट असू शकतात. उतारवयात हा दोष अधिक आढळतो.

शत्रूला ओळखणारी फळी

जन्मजात प्रतिकारशक्ती झुंज देत असतानाच काही पेशी विषाणूचे तुकडे उचलून मानेतील व छातीतील लसीका ग्रंथींकडे नेतात. तेथे लक्षावधी प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाट पाहत असतात. त्यांपैकी ज्या पेशीचा साचा या तुकड्याशी जुळतो, तिचीच निवड होते आणि तिची झपाट्याने वाढ सुरू होते. गळ्याखाली गाठी येतात त्या या कार्यामुळे. या कामाला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात.

या फळीत दोन प्रकारच्या पेशी असतात. बी-पेशी प्रतिद्रव्ये तयार करतात. प्रतिद्रव्य विषाणूच्या काट्याला चिकटते. मग काट्याची किल्ली कुलुपात बसत नाही. प्रतिद्रव्याचा उपयोग विषाणू पेशीबाहेर असेपर्यंतच होतो. विषाणू पेशीत शिरल्यानंतरचे काम टी-पेशींचे. मारक टी-पेशी बाधित पेशी ओळखून तिचा नाश करतात, तर साहाय्यक टी-पेशी इतर सर्वांच्या कामाचा मेळ घालतात. चौकशीत केवळ प्रतिद्रव्यांचीच मोजणी होते, कारण ती सोपी आहे. परंतु गंभीर आजारापासून वाचविण्यात टी-पेशींचा वाटा मोठा आहे.

राखणदारानेच नासधूस केली तर

अनेक रुग्णांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात ताप आला, तो उतरला, घरच्यांना हायसे वाटले आणि आठव्या-दहाव्या दिवशी अकस्मात धाप लागली. हा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी घेतला. त्याचे कारण असे की, दुसऱ्या आठवड्यात बहुधा विषाणू ओसरू लागलेला असतो. पण ज्यांची पहिली फळी वेळेवर जागी झाली नाही, त्यांच्या फुप्फुसांत तोवर विषाणूने पुष्कळ पेशी बाधित केलेल्या असतात. उशिरा जागी झालेली प्रतिकार व्यवस्था मग बेभान होते. दाह वाढविणारी रसायने एकमेकांना चिथावीत रक्तात उसळतात. वायुकोशांत द्रव साचतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि प्राणवायू रक्तात पोहोचेनासा होतो. सोयाबीनच्या सुडीला लागलेली आग विझविताना सारी सुडी उधळून मातीत मिसळावी, तसेच काहीसे हे होते.

ही उकल झाली आणि उपचारांची दिशा बदलली. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत असे दिसले की, डेक्सामेथासोन हे स्वस्त व जुने स्टेरॉइड औषध कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने कमी करते. हे औषध विषाणूला मारीत नाही. ते प्रतिकार व्यवस्थेच्या अतिरेकाला आवर घालते. म्हणूनच ते सौम्य आजारात, पहिल्याच दिवसांत घेणे अपायकारक ठरते. कारण ज्या राखणदाराची तेव्हा सर्वाधिक गरज असते, त्यालाच ते झोपविते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने जे थैमान घातले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही प्रमुख कारणे होती.

दुसऱ्यांचे प्रतिद्रव्य उसने घेण्याचाही प्रयत्न झाला. बऱ्या झालेल्या व्यक्तींचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, रुग्णाला द्यावा अशी कल्पना होती, आणि त्यासाठी नातेवाइकांनी रात्रीचा दिवस केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही, व मे २०२१ मध्ये हा उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. बाधित पेशींचे व दाहाचे जे नुकसान आधीच होऊन चुकले, ते बाहेरून आलेले प्रतिद्रव्य भरून काढू शकत नाही, हे त्याचे साधे कारण होय.

वय आणि इतर आजार

वय वाढते तशी छातीतील थायमस ही ग्रंथी आक्रसते. टी-पेशींचे शिक्षण याच ग्रंथीत होते. त्यामुळे वृद्धांच्या शरीरात नव्या शत्रूला ओळखू शकणाऱ्या ताज्या टी-पेशी कमी उरतात. जुन्या शत्रूंची आठवण असते, पण हा विषाणू तर सर्वांनाच नवा होता. शिवाय उतारवयात शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर पांढऱ्या पेशींची कार्यक्षमता घटविते. मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, स्थूलता यांनीही धोका वाढतो. घरातील आजोबा आणि नातू यांच्या नशिबात जो फरक दिसला, त्याचा उलगडा असा होतो.

तरुण म्हणजे सुरक्षित, असा मात्र याचा अर्थ नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, यवतमाळ व अकोला या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकाएकी वाढली. वाशिम जिल्ह्यातही रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. पुढे मार्च महिन्यात, महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूच्या काट्यावर महत्त्वाचे बदल झालेले आढळत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. याच शाखेतून जो प्रकार देशभर व नंतर जगभर पसरला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले. तो अधिक वेगाने पसरणारा होता आणि त्याने तरुणांचेही बळी घेतले. बाधितांची संख्या अफाट वाढली की विरळ धोकादेखील अनेक घरांच्या दारात येऊन उभा राहतो.

प्रतिकार व्यवस्थेची स्मृती

आजार ओसरल्यावर बहुतेक योद्ध्या पेशी मरतात, पण काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. रक्तातील प्रतिद्रव्ये काही महिन्यांत घटतात. ते दुर्बलतेचे लक्षण नसून नित्याचा क्रम आहे. सर्व शत्रूंविरुद्ध सर्वकाळ पूर्ण फौज उभी ठेवणे शरीराला परवडणारे नाही. मात्र अस्थिमज्जेत काही पेशी अल्प प्रमाणात प्रतिद्रव्ये बनवीत राहतात आणि स्मृतिपेशी पुन्हा गाठ पडताच काही दिवसांत फौज उभी करतात. २००३ च्या 'सार्स'मधून बऱ्या झालेल्या लोकांत १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

मग आजार पुन्हा का होतो? याची कारणे दोन. एक, नाकातील श्लेष्म्यातील प्रतिद्रव्ये लवकर ओसरतात. त्यामुळे विषाणू उंबरठ्यापर्यंत येऊ शकतो, पण आत खोलवर जाण्यापूर्वी अडविला जातो. दोन, विषाणू आपला काटा बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कळविण्यात आलेल्या 'ओमिक्रॉन' प्रकाराच्या काट्यावर तीसहून अधिक बदल होते. जुनी प्रतिद्रव्ये त्याला नीट ओळखेनात. जनावर नव्या वाटेने येऊ लागले, म्हणून जुनी दबा धरण्याची जागा चुकली. परंतु टी-पेशी विषाणूच्या अनेक भागांवरून त्याची ओळख पटवितात, आणि ते सर्व भाग एकदम बदलत नाहीत. म्हणून ओमिक्रॉनची बाधा पुष्कळांना झाली, तरी लस घेतलेल्यांत गंभीर आजाराचे प्रमाण कमी राहिले.

लस म्हणजे पूर्वतयारी

लस ही प्रतिकार व्यवस्थेला दिलेली आगाऊ सूचना होय. आजाराची किंमत न मोजता स्मृती निर्माण करणे, हा तिचा हेतू. महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध जुना आहे. मुंबईत प्लेगची साथ सुरू असताना १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच कार्यातून उभी राहिली. करोनाच्या काळात पुणे हे या कामाचे केंद्र झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विषाणू वेगळा काढला. त्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने 'कोव्हॅक्सिन' बनविली. तीत मारलेला संपूर्ण विषाणू असे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या 'कोव्हिशील्ड' लसीत एका निरुपद्रवी केलेल्या वाहक विषाणूच्या द्वारे केवळ काट्याचा आराखडा शरीराला दिला जाई. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी मात्रांचा टप्पा पार झाला.

टोचल्यानंतर येणारा एक-दोन दिवसांचा ताप हा जन्मजात फळी जागी झाल्याची खूण असते. पहिली मात्रा ओळख करून देते. दुसरी मात्रा ती ओळख पक्की करते. दोन मात्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवल्यास स्मृतिपेशींना परिपक्व होण्यास अवसर मिळतो. लसीचे गंभीर दुष्परिणाम मुळीच नाहीत असे नव्हे. कोव्हिशील्डच्या प्रकारातील लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे अत्यंत विरळ प्रसंग जगभर नोंदविले गेले. ही माहिती लोकांपासून लपविण्यात हित नाही. आजाराचा धोका आणि लसीचा धोका यांची तुलना समोर मांडली, तर साधा माणूसही योग्य निर्णय घेतो.

देशाने किती मोठी मजल मारली, हे एका आकड्यावरून दिसते. मे-जून २०२० मधील राष्ट्रीय पाहणीत केवळ ०.७३ टक्के प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये होती. बीड, परभणी व नांदेडसह देशातील ७० जिल्ह्यांत जून-जुलै २०२१ मध्ये झालेल्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. या वाढीत लसीचा वाटा होता, तसाच दुसऱ्या लाटेचाही होता. आणि त्या लाटेने मिळालेल्या प्रतिकारशक्तीची किंमत असंख्य घरांनी आपली माणसे गमावून चुकविली.

गावपातळीवर काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र संपला नाही. तो सर्दीच्या भावंडांप्रमाणे माणसात राहिला आहे. उद्या या कुळातील वा अन्य कुळातील नवा विषाणूही येऊ शकतो. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

कोणतेही एक चूर्ण, गोळी वा काढा प्रतिकारशक्ती 'वाढवितो' असे सिद्ध झालेले नाही. वर पाहिल्याप्रमाणे प्रतिकारशक्तीचा अतिरेकही घातक असतो. तिला हवा असतो तो समतोल. आणि त्यासाठी डाळी, भाज्या, दूध, अंडी यांचा पुरेसा आहार, पूर्ण झोप, तंबाखूपासून मुक्तता आणि मधुमेह व रक्तदाबाचे नियमित उपचार हीच साधने आहेत.

श्वसनाच्या साथीत रुग्णाच्या पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यावर अधिक लक्ष असावे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी ताप व रक्तातील प्राणवायू मोजला. धाप लागण्यापूर्वीच प्राणवायू घटलेला असू शकतो, हे त्या लहानशा यंत्राने दाखविले. ग्रामपंचायतीने असे यंत्र संग्रही ठेवावे, ते चालू स्थितीत आहे याची वेळोवेळी खात्री करावी, आणि ते कसे वापरावे हे एकाहून अधिक जणांना शिकवून ठेवावे.

साठ वर्षांवरील व्यक्ती आणि मधुमेहाचे रुग्ण यांची गावनिहाय व तांडानिहाय यादी तयार असावी. साथीची चाहूल लागताच तपासणी व लस त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचावी. तांड्यावर नायकाचा शब्द मानला जातो. त्याला आणि गावातील जाणत्यांना माहिती आधी द्यावी. गोरमाटी बोलीत सांगितलेली गोष्ट परिपत्रकापेक्षा लवकर पटते. शाळेतील शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला या व्यवस्थेची ओळख करून दिली, तर ती मुलांच्या मुखाने घरोघरी जाईल.

शरीराची राखण शरीर स्वतःच करते. तिला आगाऊ सूचना देणे, तिचे बळ टिकविणे आणि ती डगमगत असल्याची खूण वेळेवर ओळखणे, एवढे काम मात्र माणसाच्या हाती आहे. आणि ते तालुक्याच्या रुग्णालयात नव्हे, तर त्याआधी गावातच सुरू व्हावे लागते.